मलकापूर ते दिल्ली : एका वर्गाची पायी सफर

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात सातवीच्या वर्गशिक्षकांनी, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात वर्गशिक्षकाने निकालाविषयी बोलावे असा प्रघात आहे. किती मुले पास झाली, गणितात किती मागे राहिली, पालकांनी घरी काय लक्ष द्यावे, हे सर्व मी गेली काही वर्षे आपणांस सांगत आलो आहे. आज मात्र मी पायांविषयी बोलणार आहे. आपल्या मुलामुलींच्या पायांविषयी. विषय ऐकून काहींना हसू येईल, पण माझे बोलणे संपेपर्यंत थोडा धीर धरावा, ही विनंती.

आपल्या मलकापूरच्या दारातून जो महामार्ग जातो, त्याला आपण 'हायवे' एवढेच म्हणतो. पूर्वी त्याचा क्रमांक ४ होता, आता तो ४८ आहे. एके दिवशी भूगोलाच्या तासाला मी मुलांना विचारले, "हा रस्ता कुठून येतो आणि कुठे जातो?" एक म्हणाला, "साताऱ्याहून येतो." दुसरा म्हणाला, "कोल्हापूरला जातो." त्यापुढे कोणाला सांगता येईना. मग मी नकाशा उलगडला. हा रस्ता दिल्लीहून निघतो. जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, वडोदरा, सुरत करीत मुंबईच्या कडेने पुण्यास येतो. साताऱ्यावरून आपल्या ढेबेवाडी फाट्याशी येऊन पुढे कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर करीत थेट चेन्नईस जाऊन थांबतो. सर्व लांबी २,८०७ किलोमीटर. ज्या रस्त्याच्या कडेने ही मुले रोज शाळेत येतात, त्याचे एक टोक देशाच्या राजधानीत आणि दुसरे बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरील शहरात आहे, हे ऐकून वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक आवाज आला, "सर, चालत गेलं तर किती दिवस लागतील?"

त्या प्रश्नातून ही सफर निघाली.

अशा सफरीची कल्पना मी शोधून काढलेली नाही. २०२० साली साथीमुळे शाळा बंद होत्या, तेव्हा केंद्र सरकारच्या 'फिट इंडिया' मोहिमेने १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर या काळात 'फ्रीडम रन' नावाचा उपक्रम घेतला. ज्याने त्याने आपल्या सोयीच्या जागी, सोयीच्या वेळी चालावे अथवा धावावे आणि आपले अंतर नोंदवावे, अशी ती योजना होती. परदेशांतही शाळांतून असे उपक्रम चालतात. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग येथील एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी २०१२ च्या फेब्रुवारीत मुलांना रोज पंधरा मिनिटे मैदानावर चालायला वा धावायला नेण्यास सुरुवात केली. त्याला 'डेली माइल' म्हणतात, आणि आज तो प्रघात अनेक देशांतील शाळांत पोहोचला आहे. काही ठिकाणी सगळ्या वर्गाचे अंतर एकत्र करून नकाशावर देश ओलांडतात. मुले शाळेच्या मैदानातच असतात, पण त्यांची टाचणी नकाशावर गावोगाव फिरते.

आम्हीही तसेच करायचे ठरविले. खर्च म्हणाल तर एक मोठा नकाशा, एक लाल दोरा, एक टाचणी आणि एक शंभरपानी वही. मोबाइलची गरज मुद्दामच ठेवली नाही. आमच्या वर्गातील कितीतरी घरांत एकच मोबाइल आहे आणि तो अब्बांबरोबर सकाळीच कामावर जातो.

प्रथम आम्ही मैदान मोजले. मुलांनी टेप धरला, मुलींनी आकडे लिहिले. कडेने एक फेरी १२५ मीटर भरली, म्हणजे आठ फेऱ्यांचा एक किलोमीटर. नंतर प्रत्येकाने १०० मीटर चालून आपली पावले मोजली. कोणाची दीडशे भरली, कोणाची एकशे सत्तर. अशा रीतीने प्रत्येकाकडे आपले स्वतःचे माप आले. सरासरी आणि त्रैराशिक शिकवण्यासाठी इतका चांगला तास मी यापूर्वी घेतला नव्हता, हे कबूल करतो.

वर्गात ४२ विद्यार्थी, २३ मुले आणि १९ मुली. शाळा भरण्यापूर्वी प्रत्येकाने आठ फेऱ्या घालायच्या. धावायचे की चालायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. पहिल्या दिवशी ३८ जण हजर होते, तेव्हा ३८ किलोमीटर झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही सातारा ओलांडले. पाचव्या दिवशी टाचणी पुण्यात पोहोचली, आणि त्या दिवशी वर्गात जो आनंद झाला तो आपण पाहायला हवा होता. मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. सगळे हजर असले की आमचा वर्ग मिळून रोज जवळजवळ एक मॅरेथॉन पुरी करीत होता.

कुठे जायचे यावर मतदान झाले. बहुतेकांनी दिल्ली म्हटले. पण एका मुलीने हात वर करून विचारले, "सर, वाटेत अजमेर लागेल का?" मी म्हटले, थोडे वळण घेतले की लागेल. तेव्हा अजमेरचा मुक्काम एकमताने मंजूर झाला.

इथवर सगळे गोड होते. आता ज्यासाठी मी उभा राहिलो आहे ते सांगतो.

तिसऱ्या आठवड्यात टाचणी हळू चालू लागली. रोज चाळीसच्या आसपास येणारी बेरीज एकदम एकतीसवर आली. नकाशावर आम्ही वापीच्या आसपास होतो. हिशेब ठेवणारा मुलगा माझ्याकडे वही घेऊन आला आणि म्हणाला, "सर, नऊ किलोमीटर कमी पडतात." मी हजेरी काढून पाहिली. मुले सर्व होती. नऊ मुली फेऱ्यांना येत नव्हत्या. शाळेत येत होत्या, पण घंटा होईपर्यंत वर्गात बसून राहत होत्या.

मी त्यांना विचारले. कोणी म्हणाली पाय दुखतात, कोणी म्हणाली अभ्यास राहिला आहे. खरे कारण मला शाळेतील बाईंकडून कळले. आपल्या मैदानाची एक बाजू रस्त्याकडे उघडी आहे. जाणारे येणारे थांबतात, पाहतात, कधी काही बोलतात. दोघींच्या अम्मींनी घरीच मना केले होते. एका पालकांनी मला वाटेत गाठून स्पष्ट विचारले, "सर, पोरगी आता मोठी झाली. रस्त्यावरच्या लोकांसमोर तिनं धावायचं, हे बरं दिसतं का?"

त्या पालकांचा मला राग आला नाही. मलाही एक मुलगी आहे, ती तिसरीत आहे. त्यांची काळजी खोटी नव्हती. चूक माझी होती. नकाशा, दोरा, टाचणी यांचा विचार मी केला. मैदानाची उघडी बाजू मी रोज पाहत होतो, पण एखाद्या बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनी ती मी पाहिली नव्हती.

पण बंधू-भगिनींनो, काळजी खरी असली तरी तिचा उपाय मुलीला वर्गात बसवून ठेवणे हा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे आहे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी. त्याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की, जगातील ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी शंभरात ८१ जणांना एवढी हालचाल मिळत नाही. मुलग्यांत हे प्रमाण ७८, तर मुलींत ८५ आहे. म्हणजे मागे पडण्यातही मुली पुढे! ज्या वयात हाडे भरतात, शरीर बांधले जाते, त्याच वयात आपण त्यांना सांगतो की, आता बसा.

आणि बसण्याचे फळ आपल्या घरांत आपण पाहतोच आहोत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि त्याहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. माझे वडील ट्रक चालवीत. तीस वर्षे बैठे काम, वेळी-अवेळी जेवण. पन्नाशीत साखरेचा आजार जडला आणि पुढे पायाची जखम भरेना. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी हे आहे, हात वर करा असे मी म्हणणार नाही. पण मनात प्रत्येकाने मोजावे. आपली माणसे ट्रकवर, दुकानात, शिलाई यंत्रापाशी, गॅरेजमध्ये दिवसभर बसून वा एका जागी उभे राहून राबतात. आमच्या अम्मी आणि खाला घरकामाने थकतात, पण घराबाहेर मोकळ्या हवेत चालणे त्यांच्या वाट्याला क्वचित येते. निदान मुलांच्या पिढीत हे बदलावे.

"बरं दिसतं का" या प्रश्नाला मी माझ्या पदरचे उत्तर देत नाही. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहातील प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. एका प्रवासात हजरत पैगंबर (स.) यांनी हजरत आयेशा (र.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली आणि आयेशा पुढे गेल्या. पुढे बऱ्याच काळाने पुन्हा शर्यत झाली, तेव्हा पैगंबर पुढे गेले आणि म्हणाले की, ही त्या वेळची परतफेड. मर्यादा सांभाळून धावणे हे आपल्या परंपरेला परके नाही, एवढेच मला यातून सुचवायचे आहे.

आता पुढची हकिकत. मी त्या पालकांना शाळेत बोलावले आणि विचारले, "तुम्हीच सांगा, काय केलं तर चालेल?" ते थोडा वेळ गप्प बसले. त्यांचा ट्रकचा धंदा आहे. म्हणाले, "जुनी ताडपत्री आहे, ती आणून बांधतो." दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः दोर घेऊन आले आणि रस्त्याकडची बाजू त्यांनी ताडपत्रीने झाकून दिली. फेऱ्यांच्या वेळी बाई मुलींबरोबर चालू लागल्या. ओढणी, स्कार्फ, सलवार, ज्यात मुलीला मोकळे वाटेल ते चालेल असे आम्ही सांगितले. आठवडाभरात नऊपैकी आठ मुली मैदानावर परत आल्या. नववीला तिच्या अम्मी स्वतः घेऊन आल्या आणि त्याही दोन फेऱ्या चालल्या.

परत आलेल्या मुलींपैकी एकीने मला आणखी एक धडा दिला. ती म्हणाली, "सर, मी रोज वस्तीवरून दोन किलोमीटर चालत येते आणि चालत जाते. ते कुठंच लिहिलं जात नाही." तिचे म्हणणे रास्त होते. तेव्हापासून घर ते शाळा चालण्याचे अंतरही वहीत लिहावे, फक्त पायी, आणि प्रत्येकाने खरे लिहावे, असा नियम केला. हे अंतर म्हणजे वर्गाची अमानत आहे, त्यात खोट घालायची नाही, असेही मी बजावले.

आणि त्याच आठवड्यात माझ्याच हातून चूक झाली. एका मुलाने रोज पाच किलोमीटर लिहावयास सुरुवात केली. त्याचे घर तर शाळेजवळच. दोन-तीन मुलांनी तक्रार केली. मी सर्व वर्गासमोर त्याला उभे केले आणि खोटे लिहिण्याबद्दल चार शब्द सुनावले. तो काही बोलला नाही. खाली मान घालून बसला. संध्याकाळी त्याचा मित्र मला म्हणाला, "सर, तो सकाळी पेपर टाकतो. सायकल मोडली आहे, म्हणून चालत टाकतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्याबरोबर निघालो. हातात पेपरचा गठ्ठा, गल्ली, जिने, पुन्हा गल्ली. माझी पावले मी मोजीत होतो. घरी परतलो तेव्हा हिशेब केला. पाच किलोमीटरांना थोडे जास्तच भरले. तो मुलगा कमी लिहीत होता. त्याच दिवशी वर्गासमोर मी त्याची माफी मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागितल्याने शिक्षकाचा मान जातो असे काहींना वाटते. मला तसा अनुभव आला नाही. उलट त्यानंतर दोन मुलांनी आपणहून येऊन आपले वाढवून लिहिलेले आकडे खोडून घेतले.

अजमेरला पोहोचलो त्या दिवशी मुलांनी घरून आणलेला खाऊ वाटून खाल्ला. आणि शाळेच्या ३९ व्या दिवशी टाचणी दिल्लीस पोहोचली. नकाशावरील अंतर अदमासे १,७८० किलोमीटर. एका खोडकर मुलाने विचारले, "सर, आता परत चालत यायचं का?" तेव्हा सर्वानुमते असे ठरले की, परतीचा प्रवास मनाने रेल्वेने करावा आणि मलकापुरातून पुन्हा नव्याने दक्षिणेकडे निघावे. आज टाचणी चित्रदुर्गाजवळ आहे. चेन्नई साडेपाचशे किलोमीटर राहिली.

या चालण्याने काय साधले असे आपण विचाराल. स्कॉटलंडमधील त्या 'डेली माइल'चा अभ्यास स्टर्लिंग विद्यापीठाच्या लोकांनी केला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चालणाऱ्या शाळेतील मुलांची दमदार हालचाल रोज सुमारे ९ मिनिटांनी वाढलेली आणि बसण्याचा वेळ सुमारे १८ मिनिटांनी घटलेला आढळला. माझ्याजवळ असली यंत्रे नाहीत. मला दिसले ते इतकेच की, पहिल्या तासाला जांभया कमी झाल्या, आणि जी मुले एकमेकांशी बोलत नव्हती ती एका टाचणीसाठी एकमेकांची वाट पाहू लागली. एका मुलाचे दादाजी मशिदीस पायी जाऊ लागले आणि "माझंही अंतर लिहा" म्हणून निरोप पाठवू लागले. वर्गाच्या वहीत ते धरता येईना, म्हणून त्यांनी घरी आपली वेगळी वही केली आहे!

आपला भाग पायांच्या बळावर नाव काढणाऱ्यांचा आहे. जवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्याच जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर, दुष्काळी भागातील शेतकऱ्याची मुलगी, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि जगात दहावी आली. मोहीच्या वाटेवर ती मुलगी धावत असता कोणी तिला घरात बसविले असते तर?

आमची सगळीच मुले ऑलिंपिकला जाणार नाहीत. त्यांनी तिशी-चाळिशीत दोन मजले न थांबता चढावे, एवढे झाले तरी मी समाधानी राहीन.

म्हणून पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. घर एक-दीड किलोमीटरच्या आत असेल तर मुलाला गाडीवरून फाटकापर्यंत सोडू नका. चार मुलांचा घोळका करून गल्लीच्या आतल्या वाटेने चालत पाठवा. महामार्गावर मात्र धावायला कधीही पाठवू नका, तेथे वाहनांचा भरवसा नाही. दुसरे, ईदला कपडे घ्याल त्यात साध्या कापडी बुटांचा एक जोड घ्या. आमच्या वर्गात सात मुले चपला काढून अनवाणी फेऱ्या घालतात. तिसरे, मुलगी बारा वर्षांची झाली म्हणून तिचे मैदान बंद करू नका. अडचण असेल तर येऊन सांगा, आपण मिळून वाट काढू.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एकच विनंती. ती ताडपत्री पावसाळ्यात फाटली. पालकांनी ती दोनदा शिवली, आता शिवण्यासारखी राहिली नाही. रस्त्याकडच्या बाजूस पुरुषभर उंचीची भिंत हवी आहे. या वर्षीच्या अंदाजपत्रकात तिला जागा मिळावी. विटा वाहायला आमचा सातवीचा वर्ग तयार आहे, आणि त्या वाहताना चाललेले अंतर आम्ही वहीत लिहू.

विद्यार्थी मित्रहो, उद्या सकाळी नेहमीच्या वेळी मैदानावर या. चित्रदुर्गाहून पुढे निघायचे आहे.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.